प्राण्यांकडून स्वतःसाठी काय शिकायचं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी सुट्टीच्या दिवशी पक्षी बघत हिंडते आणि घरी एक भटका कुत्रा सांभाळते, त्याच्याबद्दल बोलायला लागलं की लोक हमखास हेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदा सगळी उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवतेय. माझं म्हणणं साधं आहे. प्राण्यांवरचे सुविचार बाजूला ठेवून प्राणीच नीट बघितला तर तो आपल्याला जास्त समजून घेतो असं वाटतं.

गरुड चाळिसाव्या वर्षी डोंगरावर जाऊन चोच आपटून तोडतो, नखं उपटतो आणि मग पुन्हा तीस वर्षं जगतो, हे खरं आहे का?

नाही, अजिबात नाही. हा फॉरवर्ड मला वर्षातून तीन-चार वेळा तरी येतो, आणि पाठवणारा माणूस बहुतेक वेळा स्वतः कसल्या तरी कठीण काळातून जात असतो, त्यामुळे खोटं आहे म्हणून सांगतानाही जिवावर येतं. पण चोच म्हणजे आतलं हाड आणि वरून आपल्या नखांसारखं कवच, ते कवच आयुष्यभर वाढत राहतं आणि खाताना, घासताना झिजत राहतं. चोच तुटलेला गरुड शिकार फाडू शकत नाही, तो उपाशी मरतो, पाच महिने थांबून नवी चोच येण्याची वाट बघणं वगैरे शक्यच नाही. आणि रानातले गरुड सत्तर वर्षं जगतही नाहीत.

मला या गोष्टीचा राग खोटेपणापेक्षा दुसऱ्याच कारणासाठी येतो. ती सांगते की बदलायचं असेल तर आधी स्वतःला रक्तबंबाळ करून घ्या. खरा पक्षी काय करतो माहितीये, पिसं गाळतो. थोडी थोडी, आळीपाळीने. बरेचसे शिकारी पक्षी पंखांची पिसं अशी एकेक करून बदलतात की उडणं बंद पडू नये, जुनं गळतंय, नवं येतंय आणि पोट भरणं चालूच आहे. नोकरी सांभाळून रात्री अभ्यास करणाऱ्या माणसाला ही गोष्ट कितीतरी जवळची वाटेल.

मग हळूहळू तापणाऱ्या पाण्यातल्या बेडकाची गोष्ट तरी खरी?

पाणी हळूहळू तापवलं तर बेडकाला कळत नाही आणि तो त्यातच मरतो म्हणतात, तीही खरी नाही. पाणी सोसेनासं झालं की धडधाकट बेडूक बाहेर उडी मारतो. १८६९ साली गोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाच्या प्रयोगात जो बेडूक पाण्यात बसून राहिला त्याचा मेंदू आधीच काढलेला होता.

सुगरण पक्ष्याकडून चिकाटी शिकावी म्हणतात, नक्की काय शिकायचं?

यावर मी तासभर बोलू शकते, त्यामुळे हे उत्तर लांबणार आहे.

पहिली गोष्ट म्हणजे घरटं विणणारी ती 'ती' नसते. आपल्याकडे नाव सुगरण, म्हणून सगळ्यांच्या डोळ्यासमोर कामसू बाईच येते, पण विणकाम करतो तो नर, पावसाळ्यात डोकं आणि छाती पिवळी झालेला. सलीम अलींनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला यांच्या वसाहतीवर बसून सगळा प्रकार नोंदवला. नर घरटं अर्धवट विणतो, उलट्या टोपीसारखं, मध्ये एक आडवी दोरी, आणि त्यावर लटकून पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. माद्या येतात, आत शिरून बघतात, चोचीने ओढून बघतात. पसंत पडलं तर तो ते पूर्ण करतो, खालची लांब नळी विणतो, आतली मऊ सजावट मादी करते. पसंत नाही पडलं तर ते घरटं तसंच लटकत राहतं आणि नर दुसरं सुरू करतो.

आमच्या गावच्या विहिरीवर बाभळ आहे, तिच्यावर दर पावसाळ्यात ही वसाहत असते. पहिल्या वर्षी मी दुर्बीण लावून फक्त एक काडी बघितली. नर शेताच्या बांधावरच्या लांब पात्यावर उतरला, बुडाशी चोचीने एक खाच पाडली, ती कड चोचीत घट्ट धरली आणि सरळ उडाला, उडता उडता पात्याची एक लांब पट्टी टर्रकन सुटून त्याच्यामागे लोंबत गेली. एका घरट्याला अशा शेकडो पट्ट्या लागतात. घरट्यावर आल्यावर त्याने ती आत खुपसली, पलीकडून ओढली, पुन्हा खुपसली, आणि ती सुटून विहिरीत पडली. तो तिच्याकडे बघायलाही थांबला नाही, परत बांधावर गेला.

आता चिकाटी चिकाटी आपण म्हणतो, पण मला त्यात वेगळंच दिसलं. विहिरीखालच्या पायऱ्यांवर अर्धवट टोप्या पडलेल्या असतात, नापसंत घरटी झाडावर सुकत असतात, तरुण नरांची पहिली घरटी तर इतकी ओबडधोबड असतात की विणलंय का गुंडाळलंय कळत नाही. तो अर्धवट टप्प्यावरच दाखवतो, हे फार महत्त्वाचं आहे. पूर्ण नळीबिळी विणून मग कोणी बघेल का याची वाट बघत नाही. आपण काय करतो, वर्षभर एकटेच घासतो, परफेक्ट झाल्यावर दाखवू म्हणतो आणि पहिल्या नकारात सगळं संपल्यासारखं वाटतं. मी मराठी टायपिंगचं काम सुरू करताना वेबसाइट, व्हिजिटिंग कार्ड, सगळं होईपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं, दहा महिने गेले, आणि पहिल्याच गिऱ्हाईकाने सांगितलं की मला पीडीएफ नको, प्रिंट पाहिजे. दोन पानं दाखवून विचारलं असतं तरी हे कळलं असतं.

(घरट्यात काजवे चिकटवून दिवे लावतो असंही सांगतात. घरट्यात चिखलाचे गोळे खरंच असतात, काजव्यांचे दिवे मात्र लोकांच्या गोष्टीतले.)

मी सारखा फेल होतो. प्राणी हार मानत नाहीत ना?

मानतात की, आणि पटकन मानतात, तेच तर शिकण्यासारखं आहे. वाघ घ्या. जंगलात राहून अभ्यास करणारे लोक साधारण सांगतात की दहा-वीस प्रयत्नांत एखादी शिकार मिळते. म्हणजे जंगलाचा राजा म्हणतो आपण तो बहुतेक दिवस फसतो. पण फसतो कसा ते बघा, दबा धरून जमेल तितका जवळ जातो, झेप घेतो, सांबर निसटलं तर थोडंच अंतर पळतो आणि थांबतो. मैलभर पाठलाग करत नाही कारण त्याचं शरीर त्यासाठी बनलेलं नाही, दम संपला तर उद्याचीही शिकार जाईल.

कोळसून, म्हणजे आपले रानकुत्रे, त्यांचं उलट. ते टोळीने, वाघापेक्षा लांबवर पाठलाग करतात. आता वाघाने कोळसुनाची रील बघून 'मी आळशी आहे' असं ठरवलं तर कसं होईल? तुम्ही एमपीएससीचा चौथा अटेम्प्ट देताय की नाही हा प्रश्न वेगळा, पण प्रत्येक अटेम्प्टला काय बदललं, जवळ किती गेलात, आणि तुमचा दम कसला आहे हे आधी बघा. नुसतं 'हार मानू नका' हे मला अपुरं वाटतं.

मुंग्यांसारखं सतत राबलं पाहिजे ना?

मुंग्या सतत राबत नाहीत. टेम्नोथोरॅक्स नावाच्या लहान मुंग्यांवर अमेरिकेत अभ्यास झाला, प्रत्येक मुंगीवर रंगाचे ठिपके लावून, तर जवळपास चाळीस टक्के कामकरी मुंग्या बहुतेक वेळ नुसत्या बसलेल्या आढळल्या. मग संशोधकांनी सगळ्यात कामसू मुंग्या काढून घेतल्या तेव्हा बसलेल्यांपैकी काही उठल्या आणि त्यांची जागा घेतली. म्हणजे ती राखीव फळी होती.

ज्या घरात एकच बाई सगळं करते आणि तिच्या आजारपणात घर कोलमडतं तिथे मला ही गोष्ट आठवते. राखीव काहीतरी ठेवायचं असतं, पैसा ठेवतो तसा दमही.

ताई, सवय लागतच नाही. २१ दिवस करून बघितलं, जिम, डायरी, पहाटे उठणं, सगळं सुटतं. मनच कमकुवत आहे का माझं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि याचं उत्तर मला आमच्या कुत्र्याने, काळूने शिकवलं.

काळू आमच्याकडे आला तेव्हा साधारण दोन वर्षांचा होता. एका बांधकामाच्या साइटवर त्याला आखूड साखळीला बांधून ठेवलेलं होतं, काम संपलं, माणसं गेली, हा तिथेच. आम्ही साखळी काढली. तरी तो तीन-चार फुटांच्या गोलातच फिरायचा. साखळी नव्हती, गोल होता. घरी आणला तर अंगणात एका कोपऱ्यात बसला, उंबरठ्याकडे यायचाच नाही, जोरात भांडं पडलं की अंग चोरून जमिनीला चिकटायचा.

मी वाचायला लागले तेव्हा १९६७ सालचा सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग सापडला. वाचताना फार वाईट वाटतं. कुत्र्यांना थांबवता न येणारे विजेचे झटके दिले, नंतर अशा पेटीत ठेवलं जिथे बुटकं कुंपण ओलांडलं की झटका टळतो, तर त्यातले बरेच कुत्रे उठलेच नाहीत, पडून राहिले. याला शिकलेली हतबलता म्हणायला लागले. पण पुढचा भाग लोक सांगत नाहीत. एक, काही कुत्रे हतबल झालेच नाहीत. दोन, जे झाले त्यांना समोर खाऊ दाखवून, हाका मारून उपयोग झाला नाही, गळ्याच्या पट्ट्याने धरून पुन्हा पुन्हा कुंपणापलीकडे न्यावं लागलं, तेव्हा कुठे ते स्वतःहून उड्या मारायला लागले. आणि तीन, २०१६ मध्ये याच दोघांनी लिहिलं की आम्ही उलटं समजलो होतो. लांबलेल्या त्रासात निपचित पडणं ही शिकलेली गोष्ट नाही, ती शरीराची मूळचीच प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते हे, की माझ्या करण्याने काहीतरी बदलतं.

मी हे वाचून कितीतरी वेळ नुसती बसले होते. म्हणजे ज्याला आपण स्वतःचा कमकुवतपणा म्हणतो तो मुळात दोष नाहीच.

काळूला मी ओढत नेलं नाही, आई म्हणाली ओढू नकोस, त्याला ओढण्याचीच भीती आहे. मग उकडलेल्या अंड्याचे हरभऱ्याएवढे तुकडे केले. पहिल्या दिवशी त्याने उंबरठ्याकडे नुसतं बघितलं की तुकडा. बस्स, बघण्याचा तुकडा. दोन दिवसांनी नुसतं बघून काही नाही, मान पुढे केली तर. मग एक पाऊल. एकदा मी घाई केली, तीन पावलांवरून एकदम उंबरठ्यावर तुकडा ठेवला, तो परत कोपऱ्यात गेला आणि दोन दिवस आलाच नाही. मग मी परत मागे, बघण्याच्या तुकड्यावर. तेविसाव्या दिवशी संध्याकाळी त्याने पुढचा उजवा पाय उंबरठ्यावर ठेवला, तो पाय थरथरत होता, मागचे पाय अजून अंगणात, आणि मान वळवून त्याने माझ्याकडे बघितलं. आईने आतून गॅस बंद केला, कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून.

प्राणी शिकवणारे लोक जगभर हेच करतात, एकदम पूर्ण कृती मागायची नाही, जवळ जवळ नेत जायचं. त्यामुळे २१ दिवस वगैरे आकडा सोडा. व्यायाम लावायचाय ना, पहिला आठवडा नुसते बूट घालायचे, दारापर्यंत जायचं, परत यायचं आणि लगेच काहीतरी आवडीचं, चहा, गाणं, काहीही, पण लगेच, रविवारी नाही. सुटलं तर स्वतःला शिव्या द्यायच्या नाहीत, एक पायरी मागे जायचं. घाई मीच केली होती, काळूची काय चूक?

मोबाइल हातातून सुटत नाही, यावर काही?

स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाची कबुतरं. पिंजऱ्यातलं बटण चोचीने टोचलं की दाणा मिळायचा. दर ठरावीक टोच्यांना दाणा मिळाला की कबुतर दाणा खाऊन जरा विसावतं. पण दाणा कधी तिसऱ्या टोच्याला, कधी साठाव्या, असा बेभरवशाचा मिळाला की ते टोचतच राहतं, आणि दाणे बंद केल्यावरही खूप वेळ टोचतं. रील वर सरकवताना आपण तेच करतो, पुढचा भारी असेल, पुढचा असेल.

इथे मनाला दोष देऊन काही होत नाही, पिंजरा बदलायचा. फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा, नोटिफिकेशन बंद करा, मेसेज दिवसातून ठरलेल्या तीन वेळीच बघा म्हणजे दाणा पुन्हा ठरावीक होतो. माझ्या भाच्याने अलार्मसाठी साधं घड्याळ आणलं तेवढ्यानेच त्याची सकाळची पाऊण तासाची रील बंद झाली.

टेन्शन घेऊ नका म्हणतात, प्राण्यांना टेन्शन नसतं का?

असतं, जीव जाण्याचं असतं. ताडोबात एकदा आमची जिप्सी थांबलेली आणि समोर चितळांचा कळप, एका मादीने शेपटी वर केली, पुढचा पाय जमिनीवर आपटला आणि कॉल दिला, वरून वानर ओरडलं, सगळा कळप ताठ, एकाच दिशेला माना. वाघीण गवतातून निघून पलीकडे गेली. थोड्याच वेळात चितळं माना खाली घालून चरत होती, आमच्याच छातीत अजून धडधडत होतं.

तणावाची यंत्रणा त्यांच्यात आणि आपल्यात जवळपास सारखीच आहे. फरक असा की त्यांची वाघीण निघून जाते, आपली गृहकर्जाच्या हप्त्याच्या रूपात महिनाभर गवतात बसून राहते. तुम्ही चितळासारखे शांत व्हा असं मी म्हणणार नाही, ते अन्यायाचं होईल. पण शरीराला पळायची तयारी झालेली असते ती कुठेतरी वापरली गेली पाहिजे, म्हणून फोनवर वाईट बातमी आली की मी आधी दहा मिनिटं भरभर चालून येते आणि मग उत्तर देते.

अल्फा बना, लांडग्यासारखे, असं सांगणारे व्हिडिओ बघतो. बरोबर आहे का ते?

अल्फा म्हणजे मारामारी करून कळपाचा म्होरक्या झालेला, ही कल्पना बंदिस्त लांडग्यांवरून आली. १९४७ मध्ये शेंकेल या संशोधकांनी प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांच्या मारामाऱ्या नोंदवल्या. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकात ती कल्पना पुढे नेली आणि मग कॅनडाच्या उत्तरेला एल्समीर बेटावर तेरा उन्हाळे रानटी लांडगे बघितल्यावर १९९९ मध्ये त्यांनीच लिहिलं की रानातला कळप म्हणजे कुटुंब असतं, आई, बाप आणि पिल्लं. ज्याला अल्फा म्हणायचो तो बाप असतो.

मला मेक यांचंच उदाहरण लांडग्यापेक्षा मोठं वाटतं, ज्या गोष्टीमुळे नाव झालं तीच चुकली म्हणून जाहीर सांगायला किती मोठं मन लागतं.

निर्णय घेताना फार गोंधळ होतो.

मधमाश्यांचा थवा नवं घर शोधतो तेव्हा फांदीला लटकतो आणि काहीशे अनुभवी माश्या जागा बघायला जातात. परत येऊन नाचातून जागेची दिशा आणि अंतर सांगतात (हा नाच उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ चं नोबेल विभागून मिळालं). मधमाश्यांचे अभ्यासक टॉम सीली यांनी पुढे दाखवलं की जागा चांगली तर नाच जास्त वेळ, पण चांगल्या जागेसाठीही प्रत्येक माशी दर फेरीला थोडा कमी नाचत जाते आणि शेवटी थांबते. इतर माश्या ऐकीव गोष्टीवर मत देत नाहीत, स्वतः जाऊन जागा बघून येतात. एका जागी पुरेशा माश्या जमल्या की ठरलं, सगळ्यांचं एकमत व्हायची वाट नाही.

आमच्या घरात फ्लॅट घेताना काकांचा नाच दोन वर्षं कमी झाला नव्हता आणि बाकी कोणी जागा बघायलाही गेलं नव्हतं. शेवटी सगळ्यांनी वेगवेगळ्या दिवशी एकेकटं जाऊन बघायचं ठरवलं, दोन आठवड्यांत विषय संपला.

हे प्राण्यांकडून शिकणं बाहेरून आलेलं फॅड आहे ना?

दत्तगुरूंच्या चोवीस गुरूंची गोष्ट आपल्याकडे लहानपणीच ऐकवतात. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला सांगतो, त्यात कबूतर, अजगर, पतंग, मधमाशी, हत्ती, हरीण, मासा, कोळी असे कितीतरी जीव आहेत, आणि एकनाथांनी त्यावर मराठीत विस्ताराने लिहिलं. मला त्यातलं एक फार आवडतं, काही गुरू 'असं करा' शिकवतात आणि काही 'असं करू नका'. मासा गळाला लागतो जिभेपायी, तोही गुरूच.

मग प्राणी करतात ते नैसर्गिक, म्हणून बरोबरच?

नाही हो. वानरांच्या टोळीवर नवा नर आला की तो कधी कधी आधीची तान्ही पिल्लं मारतो, हे सुगियामा या जपानी संशोधकांनी धारवाडजवळ १९६० च्या दशकात बघितलं. चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडाल यांनी टांझानियातल्या गोंबेत चिंपांझींच्या एका गटाने दुसऱ्या गटातले नर वेचून वेचून मारलेले नोंदवले. 'निसर्गाचा नियमच आहे' म्हणून कोणी तुमच्यावर दादागिरी करत असेल तर ऐकून घेऊ नका. केनियात सापोल्स्की नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ बघत होते त्या बबून टोळीतले सगळ्यात भांडखोर नर क्षयाने मेले, उरलेले निवांत स्वभावाचे होते, आणि नंतर बाहेरून आलेले नवे नरही तिथे तसेच शांत वागायला शिकले. स्वभाव म्हणतात तोही संगतीने बदलतो, बबूनचासुद्धा.

मी पुण्यात सोसायटीत राहते, जंगल कुठून आणू?

जंगल कशाला, कावळा पुरे. एकच प्राणी निवडा, रोज एकाच वेळी पंधरा मिनिटं, आणि वहीत फक्त काय दिसलं ते लिहा, का केलं ते पहिला महिना लिहायचं नाही. 'कावळा रागावला' नको, 'कावळा तीन वेळा ओरडला आणि पाइपवर चोच घासली' असं. एवढी शिस्त लागली की माणसांबद्दलही 'तो मुद्दाम करतो' म्हणायच्या आधी आपण थांबतो. सुगरण बघायची असेल तर जून ते सप्टेंबर, पुण्याबाहेर कुठलीही विहीर किंवा ओढ्याकाठची बाभळ. घरट्यांच्या खाली उभं राहू नका, लांब बसा, आणि पडलेलं घरटं घरी नेलंत तरी लटकतं तोडू नका.

काळू आता कसा आहे?

बरा आहे. उंबरठा ओलांडतो, दुपारी फरशीवर माझ्या पायाशी झोपतो, पाऊस आला की आईच्या खोलीत. साखळीचा आवाज आला, अगदी गेटचासुद्धा, तर अजून कोपऱ्यात जातो, पूर्वी तासन् तास जायचे, आता पाचेक मिनिटांत नाक बाहेर येतं. अंड्याचे तुकडे मी अजून खिशात ठेवते.